अडतीस हजर

"चंद्रभान उत्तम शेळके."

"हजर."

"मीनाक्षी रावसाहेब कुटे."

"हजर."

"सय्यद अफसर सय्यद गौस."

"हजर."

सकाळचे साडेअकरा वाजले होते. समोर सतरंजीवर मुलं चार रांगांत बसली होती आणि मी उभा राहून सरकारी यादी वाचत होतो. याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटर होतो. म्हणजे ऑफिसातलं जे काम कोणाचंच नसेल ते माझं. त्या दिवशी ते काम हजेरीचं होतं.

हे मतिमंद मुलांचं बालगृह. ज्यांना आईबाप नाहीत, किंवा आहेत पण सापडत नाहीत, अशी मुलं शासनाच्या आदेशानं इथं ठेवलेली. संस्थेचं नाव मी सांगत नाही, कारण त्यात दोन संत, एक पुढारी आणि अध्यक्षांच्या मातोश्री येतात आणि निम्मी ओळ जाते. दर सहा महिन्यांनी आमचं ऑफिस तपासणी करायचं. देवसरकर मॅडम संरक्षण अधिकारी. त्या तेव्हा संस्थेचे अधीक्षक पुंड सर यांच्याबरोबर स्वयंपाकघरात डाळ बघायला गेल्या होत्या. डाळ पातळ आहे की घट्ट, यासाठी तपासणीच्या छापील फॉर्ममध्ये रकाना होता. मुलं किती, यासाठीही होता. त्यात 'हजेरी घेऊन खात्री केली' असं छापूनच आलेलं होतं, फक्त टिक मारायची.

यादीत अडतीस नावं. तीन-चार मुलं आतल्या खोलीत पडून आहेत, तब्येत नाही, असं पुंड सरांनी आधीच सांगितलं होतं. हॉलमध्ये माझ्याशिवाय मोठं माणूस एकच, कौसाबाई. मुलांचं अंघोळ-जेवण बघणारी बाई. ती दाराला टेकून उभी होती.

"रेणुका विठ्ठल जोगदंड."

"हजर."

सत्ताविसावं नाव. मला ते तेव्हा लक्षात राहायचं काहीच कारण नव्हतं. लक्षात राहिली ती हजेरीची शिस्त. मी शाळेत होतो तेव्हा आमच्या वर्गात एका नावाला तिघं हजर म्हणायचे आणि ज्याचं नाव तो बाहेर गोट्या खेळत असायचा. इथं तसं नाही. नाव संपलं की एक श्वास, आणि एकच आवाज. कधी खिडकीकडून, कधी मागच्या भिंतीकडून. दोन आवाज एकदाही एकमेकांत मिसळले नाहीत. आणि बोलणारं तोंड मला एकदाही दिसलं नाही. मान वर करून बघावं तर सगळी मुलं सतरंजीकडे बघत असायची.

अडतीस नावं संपली, नावांपुढे अडतीस टिका झाल्या. मॅडम अजून डाळीतच होत्या. मला कंटाळा आला की मी काहीतरी करतो, ही माझी जुनी खोड आहे. मी यादीवरून नजर न हलवता, त्याच आवाजात वाचलं.

"विपुल दत्तराव खिल्लारे."

ते माझंच नाव.

"हजर," खिडकीकडून आवाज आला.

मला हसू आलं. मी पुढचं वाचलं.

"माननीय जिल्हाधिकारी महोदय."

"हजर."

जिल्हाधिकारी त्या आठवड्यात प्रशिक्षणाला गेले होते हे मला पक्कं माहीत होतं. मी कौसाबाईकडे पाहिलं, म्हटलं ती तरी हसेल. ती हसली नाही. तिनं पदर तोंडाला लावला होता.

मग मी जे केलं ते का केलं, हे मला आजही सांगता येत नाही. तोंडात नाव आलं आणि मी ते घेतलं.

"दिगंबर मारोती खिल्लारे."

हे माझे आजोबा. ते वारले तेव्हा मी दहावीत होतो. खांदा दिला होता मी.

एक श्वास गेला.

"हजर," दुसऱ्या रांगेतून कोणीतरी म्हणालं.

आवाज लहान मुलीचा होता आणि अगदी स्पष्ट होता. पंखा फिरत होता तरी माझ्या मानेवर घाम आला. कौसाबाई दारातून हलली, माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "सर, यादीतलीच नावं घ्या. लेकरांना कळत नाही कुठं थांबायचं."

मी फॉर्मवरही टिक मारली. आम्ही जीपमध्ये बसलो. मॅडम म्हणाल्या, "डाळ बरी होती." मी हो म्हणालो.

दोन दिवसांनी, मी अहवाल टाइप करत असताना, टेबलासमोर एक मुलगी येऊन उभी राहिली. एकोणीस-वीस वर्षांची, खांद्यावर कापडी पिशवी, बोटांना सुया टोचल्याच्या खुणा. उज्ज्वला जोगदंड. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कामाला. ती स्वतः बालगृहातच वाढलेली, साध्या मुलींच्या. आई गेल्यावर दोघी बहिणींना बालकल्याण समितीनं दोन ठिकाणी पाठवलं, मोठी इकडे, धाकटी त्या खास बालगृहात.

"सर, माझ्या बहिणीला भेटू देत नाहीत," ती म्हणाली. "नवरात्रात भेटले होते. त्यानंतर तीन वेळा गेले. एकदा म्हणाले झोपली, एकदा म्हणाले दवाखान्यात नेली, एकदा फाटकच उघडलं नाही. ती आहे का तिथं, एवढंच सांगा."

"नाव?"

"रेणुका विठ्ठल जोगदंड."

मी यादी काढली. सत्तावीस. टिक होती. मला बरं वाटलं. सरकारी नोकरीत एखाद्या माणसाला चांगली बातमी द्यायची संधी वर्षातून एकदा येते, आणि ती नेमकी मला आली होती.

"आहे ना," मी म्हणालो. "परवाच मी स्वतः हजेरी घेतली. हजर म्हणाली."

उज्ज्वला माझ्याकडे बघत राहिली.

"कोण म्हणाली?"

"रेणुका. नाव घेतलं, हजर म्हणाली."

"तोंडानं?"

"तोंडानंच म्हणतात ना."

"तुम्ही ऐकलं?"

"या कानांनी."

ती खुर्चीवर बसली. मी बस म्हणालो नव्हतो. थोडा वेळ तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला.

"सर, ती जन्मली तशी बोललेली नाही," ती म्हणाली. "आई गेली तेव्हासुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले होते बोलणारच नाही. कसा आहे हो आवाज?"

मी यादी पुन्हा चाळली.

"बारीक आहे का? आईचा बारीक होता."

सत्ताविसाव्या नावाला कसा आवाज आला होता हे मला आठवत नव्हतं. मी म्हणालो, "हो. बारीकच."

ती उठली, बाहेर गेली आणि वीस मिनिटांनी पाव किलो पेढे घेऊन परत आली. सगळ्या ऑफिसला वाटले. शिपायाला दिले, लेखा विभागातल्या काकांना दिले. "माझी बहीण बोलायला लागली," असं प्रत्येकाला सांगत होती. काका म्हणाले, "वा, शासनाच्या योजनेचा फायदा झाला म्हणायचा." मला तिनं दोन दिले. मी दोन्ही खाल्ले.

"सोमवारी कारखान्याला सुट्टी आहे," जाताना ती म्हणाली. "सोमवारी तुम्ही चला ना सर माझ्याबरोबर. तुमच्यासमोर नाही म्हणणार नाहीत. तोवर मी ठरवून ठेवते तिला काय काय विचारायचं ते."

ती गेल्यावर मी यादीकडे बघत बसलो. सत्तावीस नंबरची टिक. तिच्या खाली अकरा टिका. आणि त्यांच्याही खाली, यादीत नसलेले, माझे आजोबा.

मी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो.

"मॅडम, हजेरीत घोळ आहे."

"काय घोळ? अडतीसच्या अडतीस हजर आहेत."

"एक्केचाळीस होते."

मॅडमनी पेन ठेवलं. मी सांगितलं. माझं नाव, जिल्हाधिकारी, आजोबा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा असा होता, जणू एखादी फाइल दुसऱ्या विभागाची असून चुकून आपल्याकडे आली आहे.

"तुम्ही शासकीय हजेरीत आजोबांचं नाव घेतलंत."

"हो."

"मयत आजोबांचं."

"हो."

"आणि ते हजर होते."

"हो, मॅडम."

"हे मी अहवालात कुठे लिहू, खिल्लारे? शेरा या रकान्यात?"

"ती मुलगी बोलत नाही, मॅडम. बहीण पेढे वाटून गेली."

मॅडमच्या टेबलावरही एक पेढा होता, कागदासकट. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "सोमवारी गाडी सांगा. पुंडांना फोन करू नका."

सोमवारी उज्ज्वला जीपमध्ये मागे बसली होती. सबंध रस्ताभर तिचे ओठ हलत होते. प्रश्न पाठ करत असावी.

फाटकाशी पुंड सर बनियनवर आले. "मॅडम, कळवलं असतं तर..." म्हणत शर्ट घालायला आत गेले. आम्ही सरळ हॉलमध्ये शिरलो. मुलं सतरंजीवर होती. तशीच, चार रांगांत. तपासणी नव्हती, तरी तशीच. उज्ज्वला दारात थांबली आणि एकेक चेहरा बघू लागली. सगळ्या माना खाली होत्या.

"रेणुका," ती म्हणाली.

कोणी हललं नाही.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्यासारखं, पूर्ण नाव घेऊन, मोठ्यानं हाक मारली.

"रेणुका विठ्ठल जोगदंड."

"हजर."

खिडकीकडून आवाज आला. उज्ज्वला मुलांच्या मधून वाट काढत धावली. खिडकीखाली मिशा फुटलेला एक मुलगा बसला होता. त्यानं तिच्याकडे बघून हसून मान डोलावली.

तिनं वळून पुन्हा नाव घेतलं.

"हजर." आता मागच्या भिंतीशी. ती तिकडे गेली. तिथं आठ वर्षांची एक गोरटेली पोर होती, केस कापलेले.

पुन्हा नाव. पुन्हा हजर, दुसऱ्या कोपऱ्यात. मॅडम म्हणाल्या, "पुरे, बाळा." उज्ज्वलाला ऐकू आलं नाही. ती नाव घ्यायची, आवाजाकडे जायची, खाली वाकून चेहरा बघायची, सरळ व्हायची. मी मोजत होतो. नऊ वेळा नऊ वेगळ्या तोंडांनी तिची बहीण हजर असल्याचं सांगितलं. दहाव्यांदा तिनं नाव घेतलं आणि पुन्हा खिडकीखालचा मिशीवाला म्हणाला, "हजर."

मग ती थांबली. हॉलमध्ये नुसता पंख्याचा आवाज. तेवढ्यात मधल्या रांगेत कोणीतरी, नाव न घेताच, अगदी हळू म्हणालं, "हजर."

कौसाबाई उज्ज्वलाजवळ गेली आणि तिला खांद्याला धरून भिंतीशी बसवलं.

"सांग," मॅडम कौसाबाईला म्हणाल्या.

"दोन वर्षांमागं आधीचे साहेब आलते तपासणीला," कौसाबाई म्हणाली. "त्यांनी नावं घेतली. आता आमच्यात बोलणारी लेकरं नऊ. बाकीची एकोणतीस कशी हजर म्हणतील? साहेबांनी समोर बसलेली एकोणतीस लेकरं गैरहजर लिहिली. मी म्हणलं, साहेब, ही काय बसलीत. ते म्हणले, उत्तर आलं नाही. मग आली की नोटीस, एकोणतीस लेकरं कुठं गेली म्हणून."

"मग?"

"मग पुंड सरांनी नंबर लावून दिले. नाव कुणाचंबी येऊ द्या, ज्याचा नंबर त्यानं म्हणायचं. दोन महिने मीच शिकवलं, बिस्किटं देऊन. तवापासून इथं कुणी गैरहजर झालं नाही."

"आणि रेणुका?"

"ती माघात गेली. भाजीचा टेम्पो आलता, फाटक उघडं राहिलं. आम्ही दोन दिवस रानोरान हुडकलं. मी म्हणलं, सर, पोलिसात सांगा. ते म्हणले, थांब. सांजच्याला हजेरी घेतली. तिचं नाव आलं, कुणीतरी हजर म्हणलं. सर म्हणले, बघ, आहे की. मी म्हणलं, सर, ती नाही. ते म्हणले, मग हजर कोण म्हणलं?"

पुंड सर शर्टाची बटणं लावत दारात येऊन उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, रजिस्टर बघून घ्या. एक दिवस खाडा नाही."

ते थट्टा करत नव्हते. तो माणूस रोज संध्याकाळी सहा महिने ते नाव घेत होता आणि त्याला रोज उत्तर येत होतं. मला वाटतं, त्याचा विश्वास बसला होता.

मॅडमनी त्या दिवशी हॉलमधली आणि आतल्या खोलीतली मुलं हात लावून मोजली. सदतीस. मग त्यांनी पोलीस ठाण्याला फोन केला. ठाणेदारांनी विचारलं, "कधीपासून बेपत्ता?" मॅडम म्हणाल्या, "सहा महिने." तिकडून विचारलं असावं, की मग आत्ताच कसं कळलं. मॅडमनी फोन कानापासून दूर धरला.

ऑफिसात परत आल्यावर मी एक फाइल काढली. कोणी सांगितलं नव्हतं. जीपमध्ये असतानाच मला तिची आठवण झाली होती. दुसऱ्या जिल्ह्यांत बेवारस मुलं सापडली की तिथून राज्यभर पत्रं येतात: असं असं मूल आहे, आपल्याकडचं आहे का. महिन्याला सात-आठ. त्यांची उत्तरं मी द्यायचो. उत्तराचा नमुना संगणकात तयार होता, मी फक्त तारीख बदलायचो. 'आमच्या जिल्ह्यातील सर्व बालके हजर असल्याने माहिती निरंक.'

मार्चचं एक पत्र होतं. दोन जिल्हे पलीकडचं. मुलगी, वय अंदाजे दहा, एसटी स्टँडवर मिळून आली, बोलत नाही. सोबत फोटोची झेरॉक्स, तीही झेरॉक्सची झेरॉक्स. चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग. एका बाजूला हात तेवढा उमटला होता.

उज्ज्वला ऑफिसातच होती. तिनं कागद हातात घेतला आणि डागाकडे पाहिलंच नाही. हातावर बोट ठेवलं.

"अंगठा आत घालून मूठ," ती म्हणाली. "तिचीच आहे."

मग तिनं पान उलटलं. खाली माझं उत्तर होतं. निरंक. टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं कोपऱ्यात येतात, वि. द. खि. तिनं ती वाचली की नाही, मला माहीत नाही. तिनं विचारलं नाही.

गुरुवारी मी तिच्याबरोबर त्या गावाला गेलो. मॅडमनी पत्र दिलं होतं. तीन ओळींचं, आणि एकाही ओळीत 'हरवली' हा शब्द नव्हता. चूक त्यांची एकटीची नव्हती. ते पत्र चौघांच्या टेबलांवरून फिरून आलं होतं आणि प्रत्येकानं एकेक शब्द कमी केला होता.

तिथल्या बालगृहात रेणुकाचं नाव पौर्णिमा ठेवलेलं. ती अंगणात बाकावर बसून शेंगा फोडत होती. उज्ज्वला तिच्या शेजारी जाऊन बसली आणि तीही शेंगा फोडायला लागली. हाक मारली नाही. मला वाटतं, तिला आता नाव घ्यायची भीती वाटत होती. बऱ्याच वेळानं रेणुकानं फोडलेले दाणे स्वतःच्या परातीतून काढून तिच्या ओच्यात टाकले, आणि एक हात तिथंच राहू दिला.

ताबा द्यायचा तर तिथल्या समितीसमोर जावं लागणार होतं. तीन सदस्य, अध्यक्ष एक म्हाताऱ्या बाई. त्यांनी मॅडमचं पत्र दोनदा वाचलं.

"या पत्रात ही मुलगी तुमच्याकडून गेली असं कुठं आहे?"

"नाही आहे."

"पोलिसात तक्रार?"

"सोमवारची आहे."

"ती मिळाली फेब्रुवारीत, आणि तक्रार सोमवारची. मधले महिने तुमच्या नोंदीप्रमाणे ती कुठं होती?"

"हजर होती," मी म्हणालो.

तिघांपैकी कोणी हसलं नाही.

"एक मूल दोन बालगृहांत हजर असू शकत नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या जिल्ह्यानं लिहून दिलं पाहिजे की तुमची नोंद खोटी आहे. नाहीतर ही मुलगी तीच, असं आम्ही कसं म्हणायचं? कोण लिहून देणार?"

उज्ज्वला माझ्याकडे बघत नव्हती. ती रेणुकाची वेणी घालत होती. मी मॅडमना फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा लागला, आणि मॅडम म्हणाल्या, "खिल्लारे, मला असं लिहून देता येणार नाही. वर विचारावं लागेल. पंधरा दिवस थांबा."

मी बाईंकडून कोरा कागद मागितला. लिहिलं: 'रेणुका विठ्ठल जोगदंड ही बालगृहात नसताना तिला हजर दाखवले. हजेरी मी घेतली. समोर कोण बसले आहे ते मी पाहिले नाही. तिच्याबद्दल आलेल्या पत्राला निरंक असे उत्तरही मीच टाइप केले.' खाली सही केली. हुद्दा लिहायचा होता, तो लिहिला. कंत्राटी.

बाईंनी कागद वाचला. "तुम्हाला हा अधिकार आहे का?"

"नाही."

"तुमची नोकरी जाईल."

"मार्चमध्ये तशीही संपते."

त्यांनी आदेश लिहायला घेतला. उज्ज्वलाकडे पंधरा दिवसांचा तात्पुरता ताबा, दर आठवड्याला अहवाल. माझी नोकरी मार्चपर्यंत राहिली नाही. पुढच्याच महिन्यात चौकशी झाली. दोषी एकच निघाला. शासकीय हजेरीत अनधिकृत नावं घेतल्याबद्दल मला कमी केलं. पुंड सरांना समज देण्यात आली.

पण त्या दिवशी एवढं काही ठाऊक नव्हतं. दुपारची एसटी मिळाली. रेणुका खिडकीशी बसली, उज्ज्वला तिला लागून, मी पुढच्या सीटवर. कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन आला.

"किती जण?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मिटलं आणि मागे वळलो. उज्ज्वलाकडे पाहिलं. मग थोडा उठून, सीटच्या पाठीवरून वाकून, खिडकीकडचा चेहरा नीट पाहून घेतला. रेणुका बाहेर बघत होती.

"अहो, किती?" कंडक्टर म्हणाला.

"दोन फुल," मी म्हणालो. "एक हाफ."